तिरकमठ्याची निगा

तिरकमठा (अन्य रूपे: तिरकामठा, तीरकमान) म्हणजे बांबू किंवा लाकडाचे धनुष्य आणि त्यासोबतचे बाण. पश्चिम महाराष्ट्र, कोकण आणि खानदेशातील आदिवासी समाजांत हे शिकारीचे व संरक्षणाचे पारंपरिक साधन होते. नैसर्गिक पदार्थांपासून बनत असल्याने त्यावर ओलावा, ऊन, कीड आणि सततचा ताण यांचा लवकर परिणाम होतो. म्हणून धनुष्य घडवण्याइतकेच ते राखण्यालाही महत्त्व होते. या लेखात मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यासारख्या दमट किनारी प्रदेशातील बांबूच्या धनुष्याची निगा, त्यामागील कारणे, तसेच शिकारीवरील बंदीनंतर या साधनाची झालेली स्थिती यांचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत कातकरी (काथोडी) समाजाची वस्ती आहे. खैराच्या झाडापासून कात काढण्याच्या व्यवसायावरून हे नाव पडले. जंगलातील कंदमुळे, मासे, खेकडे आणि लहान प्राणी यांवर या समाजाचा निर्वाह दीर्घकाळ अवलंबून होता. शिकारीसाठी तिरकमठा, गलोल, जाळी आणि फासे वापरले जात. कोलाम व माडिया गोंड यांच्यासह कातकरी ही महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक जमात आहे.

उत्तर महाराष्ट्रात नंदुरबार व धुळे जिल्ह्यांतील भिल्ल समाजाशी धनुष्याचे नाते अधिक घट्ट आहे. ‘भिल्ल’ हे नाव धनुष्यवाचक द्राविडी शब्दावरून (तमिळ ‘विल्’) आले असावे, असे मत प्रचलित आहे.

धनुष्याच्या साहित्याचा विचार भारतात प्राचीन काळापासून झालेला दिसतो. कौटिलीय अर्थशास्त्रातील आयुधागाराच्या प्रकरणात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग यांपासून बनणारी धनुष्ये नोंदवली आहेत. दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, गवेधु, वेळू आणि स्नायू हे पदार्थ सांगितले आहेत. यांतील वेळूची, म्हणजे बांबूच्या पट्टीची दोरी भिल्लांच्या धनुष्यावर आधुनिक काळापर्यंत टिकून राहिली.

रचना

धनुष्याचा लक्ष्याकडे असणारा भाग म्हणजे पाठ आणि धनुर्धराकडे असणारा भाग म्हणजे पोट. मध्यभागी मूठ असते. तिच्या वर व खाली दोन बाहू असून त्यांच्या टोकांना दोरी अडकवण्यासाठी खाचा असतात. दोरी ओढली की पाठ ताणली जाते आणि पोट दाबले जाते. बांबूचे सर्वांत दाट व चिवट तंतू त्याच्या बाहेरील सालीजवळ असतात, त्यामुळे सालीची बाजू पाठीकडे ठेवतात. ही साल तासली किंवा तिला आडवी चीर गेली, तर ताण सहन करणारे तंतू तुटतात आणि धनुष्य त्याच जागी मोडते. म्हणून निगा राखताना पाठीचे रक्षण सर्वांत महत्त्वाचे मानले जाते.

बांबूची निवड आणि मुरवण

धनुष्य किती काळ टिकेल हे बरेचसे बांबू तोडतानाच ठरते. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत माणगा या जातीच्या बांबूची लागवड मोठ्या प्रमाणावर होते. तो बिनकाटेरी, सरळ आणि जाड भिंतीचा, बहुधा भरीव असतो. याखेरीज कळक आणि चिवा हे बांबूही कोकणात परिचित आहेत.

कोवळ्या बांबूत पाणी जास्त असते. तो वाळताना आकसतो व वाकतो, म्हणून तीन ते चार वर्षांचा पक्व बांबू निवडतात. बांबूतील पिष्टमय पदार्थ हे घुणाचे खाद्य आहे. तोडणी पावसाळ्यानंतर, हिवाळ्यात करण्याची पद्धत आहे. अमावास्येच्या सुमारास तोडलेल्या बांबूला कीड कमी लागते, असा समज कोकणात रूढ आहे. तोडलेला बांबू काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवल्यास त्यातील पिष्टमय अंश बराच निघून जातो. त्यानंतर तो सावलीत, हवा खेळती राहील अशा रीतीने वाळवतात. कडक उन्हात बाहेरचा भाग आतल्या भागापेक्षा लवकर आकसतो आणि बांबूला उभ्या भेगा पडतात.

हवामानाचा परिणाम

रत्नागिरी येथे वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. बांबू हवेतील ओलावा शोषतो व सोडतो. ओलावा वाढला की तो मऊ पडतो, ओढ कमी होते आणि ताणलेल्या अवस्थेत राहिल्यास धनुष्याला कायमचा बाक येतो. असा बाक आलेल्या धनुष्यातून बाण पूर्वीच्या जोराने सुटत नाही. याउलट उन्हाळ्यात, विशेषतः सह्याद्रीच्या पूर्वेकडील कोरड्या हवेत, बांबू अति सुकून ठिसूळ होतो आणि पूर्ण ओढल्यावर मोडण्याची शक्यता वाढते. किनाऱ्यावरील खाऱ्या हवेमुळे बाणांची लोखंडी फळेही लवकर गंजतात.

नित्य निगा

दोरी उतरवणे: वापर संपताच दोरी उतरवणे हा सर्वांत मूलभूत नियम आहे. चढवलेल्या दोरीमुळे पोटाकडील तंतू सतत दाबाखाली राहतात आणि बाक कायम होतो. दोरी चढवताना धनुष्याचे खालचे टोक दगडावर न टेकवता पायाच्या आधाराने धरतात आणि दोन्ही बाहू सारखे वाकतील असा दाब देतात. एकाच बाहूवर जोर आल्यास तो पिळवटतो.

रिकामी दोरी न सोडणे: बाण न लावता दोरी ओढून सोडल्यास बाणाला मिळणारी ऊर्जा धनुष्यातच परतते. त्या धक्क्याने बाहू फुटू शकतात किंवा दोरी तुटू शकते. त्याचप्रमाणे पूर्ण ओढलेले धनुष्य उगाच धरून ठेवत नाहीत.

पुसणे व तेल लावणे: ओले झालेले धनुष्य कोरड्या फडक्याने पुसून सावलीत आडवे ठेवतात. चुलीच्या किंवा शेकोटीच्या अगदी जवळ धरून ते झटपट सुकवणे धोक्याचे असते. पूर्ण सुकल्यावर तेलाचा पातळ हात दिल्यास ओलाव्याची ये-जा मंदावते. करंजाचे तेल कडू असल्याने किडीलाही काही प्रमाणात दूर ठेवते. काजूच्या टरफलाचे तेल कोकणात होड्यांच्या लाकडाला लावले जाते, परंतु ते त्वचेला भाजते. त्यामुळे हाताळल्या जाणाऱ्या धनुष्यासाठी ते योग्य नाही.

साठवण: धनुष्य भिंतीला तिरपे टेकवून ठेवल्यास स्वतःच्या वजनाने वाकते, म्हणून ते दोन खुंट्यांवर आडवे ठेवतात किंवा आढ्याला टांगतात. मातीच्या ओल्या भिंतीचा व जमिनीचा स्पर्श टाळतात. चुलीवरच्या भागात, ज्वाळेपासून पुरेशा उंचीवर टांगलेल्या बांबूच्या वस्तूंना धूर लागत राहतो. या धुरामुळे त्या कोरड्या राहतात आणि घुण व बुरशी कमी लागते. पावसाळ्यात टोपल्या, सुपे व बियाणे राखण्यासाठीही हीच युक्ती कोकणात वापरली जाते.

कीड आणि बुरशी

बांबू पोखरणाऱ्या लहान भुंगेऱ्यांचा प्रादुर्भाव टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रांवरून आणि खाली सांडलेल्या पिठासारख्या भुकटीवरून ओळखता येतो. भुकटी ताजी व पांढुरकी असेल तर कीड जिवंत आहे असे समजतात. असे धनुष्य इतर वस्तूंपासून वेगळे ठेवतात. छिद्रे मुठीजवळ किंवा बाहूच्या मध्यावर असतील तर ते पुन्हा ओढत नाहीत, कारण आतील पोकळी बाहेरून दिसत नाही. आधुनिक पद्धतीत बांबू घडवण्यापूर्वीच टाकणखार व बोरिक आम्ल यांच्या द्रावणात बुडवतात. बुरशीचा पांढरा किंवा काळसर थर सहसा पृष्ठभागावरच असतो. तो कोरड्या फडक्याने पुसून हवा दिल्यास जातो, मात्र साल खरवडून काढणे टाळावे लागते.

दोरीची निगा

दोरी हा धनुष्याचा सर्वांत लवकर झिजणारा भाग आहे. ताग, अंबाडी, घायपात आणि केवण (मुरुडशेंग) यांच्या सालीचे किंवा पानांचे तंतू चिवट असतात. काथ्या कोकणात विपुल असला तरी तो जास्त ताणला जातो, त्यामुळे धनुष्याच्या दोरीसाठी उपयोगी नाही. तंतूंच्या दोरीला मेण चोळल्याने पाणी आत शिरत नाही आणि पीळ सुटत नाही. बाणाची खाच बसते ती जागा व टोकांचे फास येथे झीज अधिक होते, म्हणून तेथे दोऱ्याचे वेढे देतात. एखादा पेड तुटलेला दिसला की संपूर्ण दोरी बदलतात.

भिल्लांच्या धनुष्याची बांबूची दोरी सालीच्या लांब पट्टीची असते आणि तिची टोके तंतूंच्या दोऱ्यांनी धनुष्याला जोडलेली असतात. तंतूंच्या दोरीप्रमाणे ती पावसात सैल पडत नाही. परंतु तिला घडी पडली किंवा ती फार सुकली, तर तिच्या कडेला चिरा पडतात. म्हणून ती गुंडाळून न ठेवता सरळच ठेवतात.

बाणांची निगा

वाकडा बाण चांगल्या धनुष्यातूनही भरकटतो. बाणाची काडी डोळ्यासमोर धरून व बोटांवर फिरवून तपासतात. वाकलेली जागा निखाऱ्यावर हलकी शेकून, गरम असतानाच सरळ करतात आणि थंड होईपर्यंत तशीच धरतात. तडा गेलेली काडी सुटताना फुटून हातात घुसू शकते, त्यामुळे ती मोडून टाकतात. पिसांना कसर लागू नये म्हणून बाणांच्या भात्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवता येतो. लोखंडी फळांना तेलाचा हात देतात.

दुरुस्तीच्या मर्यादा

थोडा बाक आलेले धनुष्य निखाऱ्यावर शेकून उलट दिशेने वाकवल्यास काही अंशी पूर्ववत होते. बाहूवरील वरवरच्या उभ्या चिरेला ओल्या तंतूंचे घट्ट वेढे देतात. पाठीवरील आडवी चीर, उचललेला ताणतुसा किंवा पोटावर उमटलेली दाबाची आडवी रेघ मात्र दुरुस्त होत नाही. असे धनुष्य ओढताना मोडल्यास त्याचे तुकडे चेहऱ्यावर व डोळ्यांवर उडतात.

आधुनिक धनुष्ये

क्रीडा तिरंदाजीतील रिकर्व्ह धनुष्याचीही दोरी वापरानंतर उतरवतात आणि तिला नियमित मेण लावतात. कम्पाउंड धनुष्याची दोरी मात्र रोज उतरवत नाहीत, ती खास दाबयंत्राच्या साहाय्यानेच बदलतात. या धनुष्यांचे बाहू काचतंतू किंवा कार्बनतंतूंच्या थरांचे असल्याने त्यांना घुण लागत नाही. तथापि उन्हात बंद मोटारीत राहिल्यास उष्णतेने थर सुटण्याची भीती असते. सातारा व नागपूर ही महाराष्ट्रातील तिरंदाजीची परिचित केंद्रे आहेत. २०२३ मध्ये बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी कम्पाउंड प्रकारात वैयक्तिक विजेतेपदे मिळवली.

कायदेशीर स्थिती

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अनुसूचित वन्यप्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे. या अधिनियमातील ‘शस्त्र’ या संज्ञेत धनुष्यबाणाचा स्पष्ट समावेश आहे आणि पूर्वपरवानगीशिवाय शस्त्रासह अभयारण्यात प्रवेश करता येत नाही. कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात हे विशेष महत्त्वाचे ठरते. पिकांची नासधूस करणाऱ्या प्राण्यांबाबतही अधिनियमात ठरवलेल्या अधिकाऱ्याची परवानगी लागते.

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वन निवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ ने वनोपज गोळा करण्यासह अनेक पारंपरिक हक्कांना मान्यता दिली, मात्र शिकार व सापळे लावण्याचा हक्क त्यातून स्पष्टपणे वगळला आहे.

सद्यस्थिती व जतन

शिकारबंदी, जंगलांचा ऱ्हास आणि वीटभट्ट्या व कोळसाभट्ट्यांवरील हंगामी स्थलांतर यांमुळे कोकणातील तिरकमठ्याचा दैनंदिन वापर जवळजवळ संपला आहे. बांबू केव्हा तोडावा, किती मुरवावा आणि धनुष्य केव्हा टाकून द्यावे हे ज्ञान लिहून ठेवलेले नसते. ते वडीलधाऱ्यांच्या हाताखाली पाहून शिकले जाते. वापर थांबला की वस्तू काही काळ भिंतीवर टिकते, पण तिच्यामागचे ज्ञान पुढच्या पिढीकडे जात नाही. त्यामुळे जुन्या धनुष्यांसोबत ती घडवणाऱ्या व राखणाऱ्या व्यक्तींच्या माहितीचे दस्तऐवजीकरणही आवश्यक ठरते.

पुणे येथील आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या (स्थापना १९६२) संग्रहालयात महाराष्ट्रातील आदिवासी जमातींच्या वापरातील वस्तू जतन केल्या आहेत. संग्रहातील धनुष्याची निगा वापरातील धनुष्यापेक्षा वेगळी असते. त्याची दोरी चढवत नाहीत, त्याला तेल लावत नाहीत आणि दोन-तीन ठिकाणी आधार देऊन स्थिर आर्द्रतेत ठेवतात. जुन्या बाणांच्या टोकांना विषाचा अंश असण्याची शक्यता गृहीत धरून ते हातमोजे घालूनच हाताळतात. हाताच्या घामाने काळवंडलेली मूठ, धुराचा थर किंवा जुन्या दुरुस्तीचे वेढे साफ करून काढले जात नाहीत, कारण धनुष्य कसे वापरले व राखले गेले याचा तोच पुरावा असतो.

हेही पहा

कातकरी
भिल्ल
धनुर्विद्या
बांबू
सह्याद्री व्याघ्र प्रकल्प