आवाजाच्या आधी पोचणारा गोळा

घळीच्या काठापासून दोन पावलं मागं सरा. 1755 सालचा एप्रिल आहे, हेदवीचा कातळ अनवाणी पायांना पोळतोय आणि बामणघळीत भरती शिरतेय. लाट अरुंद फटीत कोंडते आणि पाणी उसळून तुमच्या डोक्यावर जातं. पाणी नि धडाका एकदमच. इतक्या जवळून मागंपुढं कळत नाही.

मग वायव्येच्या वाऱ्यावर एक बोदा आवाज येतो. कानापेक्षा छातीलाच जास्त कळतो. "चैत्रात ढग कुठले?" जाळं सांधणारा म्हातारा मान वर न करता म्हणतो, "तोफा त्या. सुवर्णदुर्गाकडच्या."

बरोबर बोलला. ईस्ट इंडिया कंपनीच्या कमोडोर विल्यम जेम्सची जहाजं तुळाजी आंग्र्यांच्या या जंजिऱ्यावर तुटून पडली आहेत. सुवर्णदुर्गासमोरचं हर्णै इथून सरळ रेषेत सुमारे 50 किलोमीटर. आवाज सेकंदाला साडेतीनशे मीटर चालतो. म्हणजे तुम्ही ऐकलेला बार उडून दोन मिनिटं वीस सेकंद झाली. त्याची धार वाटेत हवेनं खाल्ली, नुसती गडगड उरली.

आता सुवर्णदुर्गाच्या तटावर या, पण वाकून. समोरच्या जहाजावर धूर दिसतो, चिरा फुटतो आणि मग 'धडाम'! तोफेच्या तोंडातून सुटलेला गोळा सेकंदाला चारशे मीटरच्या वर पळतो, आपल्याच आवाजाला मागं टाकून. पण हा वाटोळा गडी लवकर दमतो. काही शे मीटरांत त्याचा वेग ध्वनीच्या खाली येतो, पुढं आवाज त्याला गाठतो आणि ओलांडून जातो. लांबच्या बुरुजावर म्हणून आधी बार, मग गोळ्याची सूं सूं. डोकं खाली घालायला पळभर मिळतो. जेम्स जहाजं तटाच्या अगदी जवळ आणतो, तिथं ही सवलत नाही.

इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्सनं असा वेग मोजला होता. टांगलेल्या लाकडी फळीवर गोळी झाडायची आणि फळी किती झुलली त्यावरून वेग काढायचा! 1742 मधल्या त्याच्या पुस्तकात बंदुकीची गोळी ध्वनीहून वेगवान ठरली. हाच गृहस्थ पुढं कंपनीचा मुख्य अभियंता होऊन हिंदुस्थानात आला आणि 1751 मध्ये कडलूरजवळ वारला. सुवर्णदुर्ग त्यानं पाहिला नाही.

तटावर फार रेंगाळू नका. आतलं दारूकोठार उडणार आहे. जंजिरा याच महिन्यात पडेल आणि कंपनी तो पेशव्यांच्या हवाली करील.