जुन्या आगबोटीचा सौदा

ताथवडें-चिंचवडच्या पट्ट्यांतील एखाद्या कारखानदारानें लांब पल्ल्याचें जेट विमान, आणि तेंही दुसऱ्याच्या हातून उतरलेलें, घेण्याचें मनांत आणलें कीं घरांतील वडील मंडळी प्रथम नाक मुरडतात. नव्यासाठीं थांबावें लागतें, जुनें लगेच मिळतें, हें उत्तर खरें असलें तरी अपुरें आहे. विमानाचें वय, उड्डाणांचे तास, दुरुस्त्यांचीं दप्तरें हीं तपासल्यावांचून जो पैसे मोजतो तो फसावयाचाच. परंतु जुन्या वाहनाचें मोल केवळ त्याच्या यंत्रावरून ठरतें काय? या प्रश्नाचा उलगडा करूं पाहतां आम्हांस सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची एक खरेदी आठवते.

१८९० सालीं इंग्लंडांत बॅरो येथें पाण्यांत सोडलेली ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ ही आगबोट कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे कंपनीची. व्हँकूव्हर, योकोहामा, हाँगकाँग अशी टपालाची व उतारूंची ने-आण तिनें सुमारें तेवीस वर्षें केली. १९१४ मध्यें महायुद्ध पेटल्यावर ग्वाल्हेरचे माधवराव महाराज शिंदे यांनीं ती विकत घेतली, हिंदी सैनिकांसाठीं तिचें तरतें इस्पितळ केलें, आणि नांव ठेविलें ‘लॉयल्टी’. राजनिष्ठेचें हें नांव पुढें कोणत्या कामास आलें तें पाहिलें म्हणजे इतिहासालाही विनोदबुद्धि असावी असें वाटतें!

युद्ध संपलें. जगभर जहाजांचा दुष्काळ पडला होता. नवीं मागवावीं तर तीं हातीं येईपर्यंत इंग्रज कंपन्यांची मक्तेदारी थोडीच स्वस्थ बसणार होती? तेव्हां १९१९ सालीं वालचंद, नरोत्तम मोरारजी, लल्लूभाई सामळदास व किलाचंद देवचंद या मंडळींनीं ही अठ्ठावीस वर्षांची म्हातारी बोट घेतली. शिंदे सरकारांच्या नांवावरून कंपनीही ‘सिंदिया’ झाली. ५ एप्रिल रोजीं ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली. १९६४ पासून तो दिवस राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून पाळला जातो.

सौदा किफायतशीर झाला असें मात्र आम्हांस म्हणवत नाहीं. चारच वर्षांनीं, १९२३ मध्यें, बोट मुंबईस मोडीत निघाली. त्याच सालीं ब्रिटिश इंडिया कंपनीशीं झालेल्या करारानें सिंदियास दहा वर्षें किनाऱ्यावरील मालवाहतुकींत कोंडून घातलें. ज्या लांब पल्ल्यासाठीं बोट घेतली तो पल्लाच हातचा गेला! वाहनाची तपासणी करणारे पुष्कळ भेटतात. वाट कोणाच्या मुठींत आहे हें पाहणारा विरळा.

तरी कंपनी बुडाली नाहीं. तिनें विशाखापट्टणम येथें जहाजें बांधण्याचा कारखाना काढिला, आणि १४ मार्च १९४८ रोजीं तेथें ‘जलउषा’ पाण्यांत उतरली. विमानांच्या बाबतींत तर वालचंदांनीं जुनीं घेण्याची वाटच सोडून दिली व म्हैसूर सरकारच्या साह्यानें १९४० सालीं बंगळूरास विमानांचा कारखानाच उभारला. तो त्यांच्या हातीं फार दिवस राहिला नाहीं. जपानी फौजा हिंदुस्थानच्या सीमेकडे सरकूं लागल्या आणि १९४२ मध्यें हिंदुस्थान सरकारनें त्यांचा हिस्सा विकत घेतला.