मध्यवर्ती सत्ता, सीमावर्ती प्रदेश आणि फुटबॉल : नॉर्वेतील बोडो/ग्लिम्ट क्लबची वाटचाल

प्रस्तावना

क्रीडासंस्थांचा इतिहास बहुधा विजयांच्या व चषकांच्या यादीच्या स्वरूपात लिहिला जातो. उत्तर नॉर्वेतील बोडो/ग्लिम्ट या फुटबॉल क्लबच्या बाबतीत ही यादी पुरेशी बोलकी आहे. २०२५ अखेरपर्यंत या क्लबने राष्ट्रीय चषक दोन वेळा (१९७५ व १९९३) आणि राष्ट्रीय साखळी स्पर्धेचे विजेतेपद चार वेळा (२०२०, २०२१, २०२३ व २०२४) पटकावले. २०२५ मध्ये यूरोपा लीग स्पर्धेची उपांत्य फेरी गाठून, युरोपीय स्पर्धेत या टप्प्यापर्यंत पोहोचणारा पहिला नॉर्वेजियन क्लब होण्याचा मान त्याने मिळवला. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाला या यादीत एक वेगळीच गोष्ट खटकते. क्लबची स्थापना १९१६ सालची, आणि यादीतील पहिली नोंद १९७५ सालची आहे. मधल्या ५९ वर्षांच्या रिकाम्या जागेचे स्पष्टीकरण केवळ खेळाच्या दर्जात शोधता येत नाही, ते स्पर्धांच्या प्रवेशनियमांत शोधावे लागते. प्रस्तुत लेखात या क्लबच्या वाटचालीचा मागोवा त्या दृष्टीने घेतला आहे.

नगर आणि क्लब

बोडो हे नॉर्वेच्या नॉर्लान या प्रांताचे मुख्य ठिकाण. (आसाममधील बोडो समाजाशी या नावाचा काहीही संबंध नाही, नॉर्वेजियन उच्चार 'बूडे' असा काहीसा होतो.) आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेस, ६७ अक्षांशावर वसलेल्या या बंदराला १८१६ मध्ये नगराचा दर्जा मिळाला. मासेमारी व सागरी व्यापार यांवर ते वाढले. उन्हाळ्यात काही आठवडे येथे सूर्य मावळत नाही, तर हिवाळ्यात दिवसाचा उजेड जेमतेम दिसतो. राजधानी ऑस्लोपासूनचे सरळ हवाई अंतर आठशे किलोमीटरहून अधिक आहे. २७ मे १९४० रोजी जर्मन विमानदलाने केलेल्या बॉम्बहल्ल्यात नगराचा मध्यभाग मोठ्या प्रमाणात उद्ध्वस्त झाला. आज दिसते ते बोडो मुख्यतः युद्धोत्तर काळात उभारलेले आहे. शीतयुद्धाच्या काळात येथील हवाई तळाला लष्करी महत्त्व प्राप्त झाले. १ मे १९६० रोजी सोव्हिएत प्रदेशावर पाडले गेलेले अमेरिकेचे यू-२ हे टेहळणी विमान पेशावरहून निघून बोडोलाच उतरणार होते. हा तपशील येथे निव्वळ कुतूहलापोटी दिलेला नाही, कारण क्लबच्या अलीकडच्या यशात याच हवाई तळावरील एका वैमानिकाचा हात आहे.

१९१६ मध्ये स्थापन झालेल्या क्लबचे मूळ नाव नुसते 'ग्लिम्ट' असे होते. या शब्दाचा अर्थ चमक किंवा लकाकी. त्याच नावाचा दुसरा क्लब देशात असल्यामुळे १९४८ मध्ये नावाला नगराचे नाव जोडण्यात आले.

न लिहिलेला नियम

नॉर्वेची राष्ट्रीय चषक स्पर्धा १९०२ पासून खेळवली जाते. परंतु नॉर्लान, ट्रोम्स व फिनमार्क या उत्तरेकडील तीन प्रांतांच्या संघांना तिच्यात १९६३ पर्यंत प्रवेश नव्हता. राष्ट्रीय साखळीच्या सर्वोच्च विभागाचे दार तर १९७२ पर्यंत बंद होते. तोवर उत्तरेचे संघ आपसांत खेळत आणि 'उत्तर नॉर्वेचे विजेते' हाच त्यांच्या महत्त्वाकांक्षेचा शेवटचा टप्पा होता. 'राष्ट्रीय' हे विशेषण लावलेली स्पर्धा साठ वर्षे देशाच्या एका विस्तीर्ण भागाला वगळून भरत होती आणि त्यात कोणाला फारशी विसंगती वाटत नव्हती, ही बाब विचार करण्याजोगी आहे.

या बहिष्काराच्या समर्थनार्थ दोन कारणे पुढे केली जात. पहिले अंतराचे व खर्चाचे : दक्षिणेकडील संघांना वर्षातून एकाहून अधिक वेळा उत्तरेचा प्रवास परवडणार नाही. दुसरे दर्जाचे : उत्तरेचे संघ या पातळीवर टिकणार नाहीत. यांपैकी पहिले कारण एके काळी अगदीच निराधार नव्हते. ट्रॉन्हाइमहून निघणारा लोहमार्ग बोडोपर्यंत पोहोचला तो १९६२ मध्ये. तोवर हा प्रवास प्रामुख्याने किनाऱ्यालगतच्या जहाजांनी आणि पुढे विमानाने होत असे. लोहमार्गाच्या पुढच्याच वर्षी चषक स्पर्धेचे दार उघडले. या दोन घटनांत थेट कार्यकारणसंबंध होता असे म्हणण्याचे धाडस करू नये. तरीही अंतराचा मुद्दा दळणवळणाबरोबर दुबळा होत गेला, एवढे निश्चित म्हणता येते.

दर्जाचे कारण मात्र वेगळ्या जातीचे होते. ज्यांना श्रेष्ठ संघांशी खेळू दिले जात नाही, त्यांचा दर्जा श्रेष्ठ संघांच्या तुलनेत कमी राहणारच, आणि तो कमी राहिला की प्रवेश नाकारण्याचे कारणही शाबूत राहते. असा युक्तिवाद खंडित करण्याचा मार्ग युक्तिवादात नसतो, तो मैदानावरच असतो. पण मैदानच मिळत नव्हते. गुणवान खेळाडूंपुढे दक्षिणेत जाणे हाच पर्याय उरे. बोडोचे हाराल्ड बर्ग ऑस्लोच्या ल्यून क्लबमध्ये गेले आणि तेथून हॉलंडमधील डेन हाग येथे. उत्तरेचे संघ दुबळे आहेत हे म्हणणे अशा रीतीने स्वतःच स्वतःला खरे करीत होते.

१९७२ नंतरही दार पुरते उघडले नाही. नार्विकच्या म्योल्नेर या संघाने १९७१ मध्ये बढती मिळवून सर्वोच्च विभागात उत्तरेचे पहिले पाऊल ठेवले, मात्र एकाच मोसमात त्याला परतावे लागले. द्वितीय विभागाचे तेव्हा तीन गट होते. दक्षिणेकडील दोन गटांचे विजेते आपोआप वर जात. उत्तर गटाच्या विजेत्याला मात्र दक्षिणेच्या गटांतील उपविजेत्यांशी पात्रता सामने खेळावे लागत. म्हणजे दक्षिणेतील दुसरा क्रमांक आणि उत्तरेतील पहिला क्रमांक हे नियमाच्या लेखी समान होते. बोडो/ग्लिम्टने १९७४ व १९७५ अशी सलग दोन वर्षे आपला गट जिंकला आणि दोन्ही वेळा पात्रता फेरीत तो अडखळला. ऑस्लोतील या सामन्यांच्या वेळी फुटबॉल महासंघाविषयी आणि पंचांविषयी उत्तरेत साचलेली कटुता उघडपणे व्यक्त झाली.

१९७५ ते १९७७

याच काळात जे घडले ते या क्लबच्या इतिहासातील सर्वाधिक विचारप्रवर्तक प्रकरण होय. १९७५ च्या राष्ट्रीय चषकाच्या अंतिम सामन्यात बोडो/ग्लिम्टने हाउगेसुनच्या वार्ड संघाचा २–० असा पराभव केला. उत्तर नॉर्वेत राष्ट्रीय चषक नेणारा हा पहिला संघ. त्या संघात १९७४ मध्ये स्वगृही परतलेले हाराल्ड बर्गही होते. प्रचंड आकाराचे पिवळे दातघासणीचे ब्रश उंचावून संघाला प्रोत्साहन देण्याची बोडोतील प्रेक्षकांची गमतीदार प्रथाही त्याच दशकातली. ती आजतागायत चालू आहे.

चषक विजेता म्हणून संघाला १९७६ च्या शरद ऋतूत युरोपीय चषकविजेत्यांच्या स्पर्धेत खेळण्याचा हक्क मिळाला. प्रतिस्पर्धी होता इटलीचा नापोली. बोडोतील सामना ०–२ आणि नेपल्समधील सामना ०–१ असा गमावला गेला. ही हार लाजिरवाणी मुळीच म्हणता येणार नाही. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, नापोलीशी दोन हात करणारा हा संघ त्या क्षणी स्वदेशातील द्वितीय विभागातच होता. युरोपने त्याला प्रवेश दिला होता, ऑस्लोने अद्याप दिला नव्हता.

अखेर १९७६ च्या मोसमाअंती, तिसऱ्या प्रयत्नात, स्शीन येथील ओड व ऑस्लोचा ल्यून या संघांविरुद्धच्या पात्रता सामन्यांतून बोडो/ग्लिम्टला बढती मिळाली. १९७७ हे सर्वोच्च विभागातील त्याचे पहिलेच वर्ष. त्या वर्षी हा संघ साखळीत दुसरा आला आणि चषकाच्या अंतिम सामन्यातही पोहोचला. तेथे लिलेस्ट्रोमने त्याला ०–१ असे हरवले. दर्जाच्या युक्तिवादाला याहून स्पष्ट उत्तर देता आले नसते. पुढे काही वर्षांतच उत्तर गटासाठीचा हा खास नियम रद्द झाला, आणि त्यामागे बोडो/ग्लिम्टच्या कामगिरीचा वाटा होता.

चढउतार

यानंतरची कहाणी सरळ चढणीची नाही, हे आवर्जून सांगितले पाहिजे. अन्याय दूर झाला आणि यश आले, अशी सुटसुटीत मांडणी वस्तुस्थितीशी जुळत नाही. १९८० मध्ये संघ तळाशी राहून खाली गेला. पुढची बारा वर्षे त्याने खालच्या विभागांत, काही काळ तर तिसऱ्या श्रेणीत काढली. प्रशिक्षक ट्रॉन सोलीड यांच्या कारकिर्दीत १९९२ मध्ये तो पुन्हा वर आला, आणि १९९३ मध्ये साखळीत दुसरा क्रमांक व स्ट्रोम्सगोडसेटवर २–० अशा विजयासह दुसरा राष्ट्रीय चषक त्याने मिळवला. १९९६ च्या चषक अंतिम सामन्यात त्याची गाठ उत्तरेच्याच ट्रोम्सोशी पडली. तो ट्रोम्सोने जिंकला. याच काळात ट्रॉन्हाइमच्या रूसेनबोर्गने १९९२ ते २००४ अशी सलग तेरा विजेतेपदे मिळवून नॉर्वेजियन फुटबॉलवर एकछत्री अंमल गाजवला. २००३ मध्ये बोडो/ग्लिम्ट साखळीत व चषकात, दोन्हीकडे, रूसेनबोर्गच्या मागे दुसरा राहिला. २००५ मध्ये पुन्हा अवनती झाली. २०१० च्या सुमारास क्लब दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होता. २०१६ मध्ये आणखी एकदा तो द्वितीय विभागात गेला.

नवे पर्व

२०१७ मध्ये संघाने द्वितीय विभाग जिंकला. त्याच वर्षी व्यॉर्न मान्सवेर्क हे लढाऊ विमानाचे माजी वैमानिक खेळाडूंच्या मानसिक प्रशिक्षणासाठी क्लबशी जोडले गेले. अफगाणिस्तान व लिबिया येथील मोहिमांचा अनुभव असलेल्या मान्सवेर्क यांनी ध्यान, मोकळी सामूहिक चर्चा आणि निकालाऐवजी कामगिरीवर लक्ष या गोष्टी रुजवल्या. गोल खाल्ल्यानंतर खेळाडूंनी मैदानातच गोल करून क्षणभर विचारविनिमय करायचा, ही पद्धत त्यातूनच आली. २०१८ पासून मुख्य प्रशिक्षकपदी आलेले शेटील क्नुटसेन हे उत्तरेचे नव्हेत, पश्चिम किनाऱ्यावरील बर्गन परिसराचे. 'उत्तरेचा दक्षिणेवरील सूड' अशा भावनिक मांडणीला हा तपशील थोडा छेद देतो. प्रादेशिक अस्मितेने प्रेक्षक जमवले, पैसाही उभा केला. खेळाची रीत मात्र क्लबने जिथून मिळाली तिथून घेतली.

२०२० चा मोसम या नव्या पर्वाचा पाया ठरला. ३० सामन्यांत २६ विजय, ३ बरोबरी व १ पराभव, १०३ गोल आणि ८१ गुण. दुसऱ्या क्रमांकावरील मोल्डेला ६२ गुण. राष्ट्रीय साखळी जिंकणारा उत्तर नॉर्वेचा हा पहिला क्लब. हाराल्ड बर्ग यांचा नातू पॅट्रिक या संघात होता. हाराल्ड यांचे पुत्र ओर्यान, रुनार व आरिल्ड हेही पूर्वी याच क्लबकडून खेळले होते. आजोबांना नाव कमावण्यासाठी ऑस्लोला जावे लागले होते. नातू २०२२ मध्ये फ्रान्सच्या लान्स क्लबमध्ये गेला आणि काही महिन्यांत स्वेच्छेने परतला.

यशाबरोबर खेळाडूंची निर्यात वाढली. येन्स पेटर हाउगे यांना, सप्टेंबर २०२० मध्ये मिलानविरुद्ध केलेल्या खेळानंतर लगेचच, त्याच मिलानने विकत घेतले. लहान नगरातील क्लबला खेळाडू घडवून विकण्यावाचून गत्यंतर नसते. येथे विशेष म्हणावे ते एवढेच की, खेळाडू गेले तरी खेळ बिघडला नाही. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी बोडोत रोमाचा ६–१ असा धुव्वा उडाला. जोझे मोरिन्यो यांच्या संघाने एका सामन्यात सहा गोल खाण्याची ती पहिलीच वेळ होती. त्याच स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत मात्र रोमाने घरच्या मैदानावर ४–० असा विजय मिळवून हिशेब चुकता केला. एप्रिल २०२५ मध्ये लात्सिओला पेनल्टी शूटआऊटमध्ये नमवून बोडो/ग्लिम्ट यूरोपा लीगच्या उपांत्य फेरीत दाखल झाला. तेथे लंडनच्या टॉटनहॅमने त्याला दोन सामन्यांत मिळून ५–१ असे रोखले. त्याच वर्षी ऑस्ट्रियाच्या श्टुर्म ग्राट्सवर मात करून चॅम्पियन्स लीगच्या मुख्य स्पर्धेत त्याने प्रथमच स्थान मिळवले; २००७ नंतर तेथे पोहोचलेला हा पहिला नॉर्वेजियन क्लब.

या घडामोडींची दुसरी बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. युरोपीय स्पर्धांतून येणारा पैसा देशातील इतर क्लबांच्या आवाक्याबाहेरचा आहे, आणि त्यामुळे एकेकाळचा सीमावर्ती क्लबच आता नॉर्वेजियन फुटबॉलचे नवे केंद्र झाला आहे. ट्रोम्सोसारख्या उत्तरेतील शेजाऱ्यांपुढेही त्याच्याशी बरोबरी साधण्याचा प्रश्न उभा आहे. अर्थात ही सत्ता निर्विवाद नाही : २०२२ चे विजेतेपद मोल्डेने, तर २०२५ चे स्टावांगेरच्या वायकिंगने जिंकले.

बोडोचे आस्पमिरा हे मैदान सुमारे आठ हजार प्रेक्षकांचे, कृत्रिम हिरवळीचे आहे. दक्षिणेच्या संघांना वर्षात एकाहून अधिक वेळा उत्तरेकडे येणे परवडणार नाही, असे एके काळी सांगितले जात असे. २०२५ मध्ये टॉटनहॅमचा संघ लंडनहून या मैदानावर दोनदा आला : ८ मे रोजी उपांत्य सामन्यासाठी आणि ३० सप्टेंबर रोजी चॅम्पियन्स लीगसाठी. पहिला सामना पाहुण्यांनी २–० असा जिंकला, दुसरा २–२ असा बरोबरीत सुटला.