लंडन, जून १९९०: ओझोन करार आणि भारताची अट

ओझोनचा थर विरळ करणाऱ्या सीएफसी वायूंवर १९८७च्या मॉन्ट्रियल कराराने निर्बंध घातले. भारत आणि चीन मात्र त्यापासून दूर राहिले. वायू वापरले मुख्यतः श्रीमंत देशांनी, पर्यायी तंत्रज्ञानही त्यांच्याच कंपन्यांच्या हाती. मग ज्यांच्या घरात फ्रिज नुकता येत होता, त्यांनी किंमत का मोजावी?

लंडनच्या बैठकीत पर्यावरण खात्याच्या मंत्री मनेका गांधी यांनी हाच प्रश्न लावून धरला. तेथे बहुपक्षीय निधी ठरला: तीन वर्षांसाठी १६ कोटी डॉलर, भारत-चीन आल्यास २४ कोटी. कार्यकारी समितीत विकसित आणि विकसनशील देशांना सात-सात जागा मिळाल्या. पैसा देणाऱ्यांचाच शब्द चालण्याच्या त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. विकसनशील देशांची करारपालनाची क्षमता अर्थसाहाय्य आणि तंत्रज्ञान हस्तांतरणावर अवलंबून राहील, हेही पाचव्या कलमात नोंदले गेले. पेटंटधारक कंपन्यांवर सक्ती मात्र कोठेच नव्हती.

भारत १९९२मध्ये सामील झाला. २०१०ची मुदत असताना, औषधी फवाऱ्यांचा अपवाद वगळता, सीएफसीचे उत्पादन ऑगस्ट २००८मध्येच थांबले. हेच वायू तीव्र हरितगृह वायूही होते. सीएफसी-१२ची तापमानवाढीची क्षमता शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या १०,००० पटींहून अधिक भरते.