पुण्यातील प्लेग (१८९७) : घरझडतीच्या धोरणाचा पुनर्विचार

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी ग्रंथिज्वराचा, म्हणजेच प्लेगचा, रुग्ण ओळखला. काही महिन्यांतच ही साथ पुण्यास पोहोचली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. अवघ्या चार कलमांच्या या कायद्याने शासनास विशेष अधिकार दिले आणि सद्‌हेतूने केलेल्या कृत्याबद्दल अधिकाऱ्यांवर दावा लावण्यास मज्जाव केला. याच कायद्याचा आधार महाराष्ट्र शासनाने मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीत घेतला, हे येथे नमूद करावयास हवे.

पुण्यातील प्लेग समितीचे अध्यक्षपद सनदी अधिकारी वॉल्टर चार्ल्स रँड यांच्याकडे सोपविण्यात आले. मार्च महिन्यात गोऱ्या सोजिरांकडून घरझडती सुरू झाली. देवघर व स्वयंपाकघर यांचाही विधिनिषेध राहिला नाही. रुग्णास इस्पितळात व आप्तांस विलगीकरण छावणीत नेले जाई. अंथरूण-पांघरूण जाळून घर जंतुनाशकाने धुतले जाई. प्लेगच्या गाठी प्रामुख्याने जांघेत व काखेत येतात. साहजिकच रोगाचे निदान आणि स्त्री-पुरुषांची विटंबना या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या राहू शकल्या नाहीत. ही बाब केवळ सोजिरांच्या वर्तनाची नव्हती. ती योजनेतच अंतर्भूत होती.

२२ जून १८९७ रोजी गणेशखिंड मार्गावर चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाले. रँड यांचा मृत्यू ३ जुलैस झाला. इतिहासलेखन बहुधा या घटनेपाशी येऊन थांबते व प्लेग हा क्रांतिपर्वाची केवळ पार्श्वभूमी ठरतो. त्यामुळे दोन बाबी दुर्लक्षित राहतात. पहिली अशी की, लोकमान्य टिळकांचा विलगीकरणास तत्त्वतः विरोध नव्हता. हिंदू प्लेग इस्पितळाच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला होता. आक्षेप होता तो पद्धतीस. सावित्रीबाई फुले यांचे १० मार्च १८९७ रोजी झालेले निधनही प्लेगग्रस्तांची शुश्रूषा करतानाच ओढवले.

दुसरी बाब वैद्यकीय आहे. रोग घाणीतून, वस्तूंतून व माणसांच्या संसर्गातून पसरतो, या गृहीतकावर सारी मोहीम उभी होती. उंदरांवरील पिसवा हे त्याचे वाहक असल्याचे पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये कराची येथील प्रयोगांतून दाखविले. तरीही त्यास मान्यता मिळण्यास आणखी काही वर्षे लागली. म्हणजे घरे धुतली जात होती ती बव्हंशी चुकीच्या शत्रूसाठी. उलट, उंदीर मरून पडू लागले की घर सोडून रानात झोपड्या घालून राहावे, ही खेडोपाडी रूढ झालेली रीत नव्या शास्त्राशी अधिक जुळणारी होती. पुढील काळात वस्ती रिकामी करणे हा शासकीय उपाययोजनेचाही भाग झाला.