पिंजारी संग्रहालयात भेटतो तेव्हा

राष्ट्राच्या इतिहासाचे संग्रहालय म्हटले की ढाल-तलवारी, नाणी आणि फर्माने डोळ्यांपुढे येतात. अशा दालनांत मुसलमान भेटतो तो बहुधा बादशहा, नाही तर सरदार म्हणून. पण आपल्यापैकी किती जणांचे आजोबा सरदार होते? विदर्भातल्या आपल्या घरांत पिंजारी होते, मोमीन विणकर होते. त्यांचा इतिहास शोधायचा तर आपण वर्ध्याची वाट धरली पाहिजे.

१९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी वर्ध्यातली आपली बाग त्याला दिली. १९२८ साली वारलेल्या मगनलाल गांधींच्या नावाने ती मगनवाडी झाली. संघाचे काम जे. सी. कुमारप्पा पाहत. तिथेच ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय सुरू झाले. चरखे, माग, घाणी, हातकागद, म्हणजे रयतेच्या हातातल्या वस्तूंना तिथे मानाची जागा मिळाली.

वास्तूचा विचारही तसाच होता. १९३६ साली गांधीजी शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला गेले. घर जवळपासच्या सामानाचे, गावच्या कारागिरांनी बांधलेले आणि शक्यतो शंभर रुपयांत व्हावे, असा त्यांचा आग्रह होता. माती, बांबू आणि कवेलूची बापू कुटी आज स्वतःच संग्रहालय झाली आहे. पुढे १९६३ साली चार्ल्स कोरिया यांनी साबरमतीला गांधी संग्रहालय बांधले. ते आधुनिक वास्तुकलेचे नाव घेण्यासारखे काम. पण तिथेही विटांचे खांब, कौलारू छपरे आणि काचेऐवजी लाकडी पट्ट्यांच्या खिडक्या आहेत. आतल्या साध्या वस्तूला लाजवील अशी भिंत नको, हे दोन्हीकडे दिसते.

या मातीशी आपले नाते जुने आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने हस्तव्यवसाय शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवला. मुस्लिम लीगने त्या योजनेला कडाडून विरोध केला, हेही विसरू नये. वादाच्या गदारोळात एक गोष्ट मात्र मागे पडली: ज्या हुन्नराला समितीने पुस्तकाचा मान दिला, तो आपल्याच मोहल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता.

खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव गाद्या-रजया भरत फिरणारा पिंजारी आम्ही पाहिला आहे. तातीचा आवाज गल्लीत आला की पोरे धावत. कोणत्याही संग्रहालयात अवजाराचे नाव लिहिलेले सापडते, ते चालवणाऱ्याचे क्वचितच. हा दोष एकट्या संग्रहालयांचा नाही. आपणच ती नावे कधी लिहून दिली नाहीत. घरातले म्हातारे हयात आहेत तोवर त्यांना विचारू या: पिंजण कुणाची होती, तिच्या भागांना काय म्हणत, मजुरी किती मिळे? आपल्या इतिहासाचे दालन तिथून सुरू होईल.