आयुष्यभराच्या आवडी-नावडींची यादी: ती का करतात, कशी करतात आणि कुठे जपून ठेवावी?

आवडता रंग? आवडतं गाणं? सगळ्यात जास्त राग कशाचा येतो? शाळेत स्लॅम बुक भरलेल्या पिढीला हे प्रश्न तोंडपाठ आहेत. आता तेच प्रश्न इन्स्टाग्रामच्या स्टोरीत आणि व्हॉट्सॲपच्या फॉरवर्डमध्ये फिरताना दिसतात. 'माझ्याबद्दलच्या दहा गोष्टी' लिहायच्या आणि पाच जणांना टॅग करायचं, असा हा खेळ.

पण आवडी-नावडींची यादी करण्याची सवय इंटरनेटहून खूप जुनी आहे. हजार वर्षांपूर्वी जपानच्या राजदरबारात अशा याद्या लिहिल्या गेल्या. कार्ल मार्क्सने अशा प्रश्नांची उत्तरं दिली, कादंबरीकार मार्सेल प्रूस्तनेही दिली. आज स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांची काळजी घेताना अशी यादी उपयोगी पडते. आणि हीच माहिती जाहिरात कंपन्यांना आणि ऑनलाइन भामट्यांनाही हवी असते.

ही यादी म्हणजे नेमकं काय?

ही 'बकेट लिस्ट' नाही. बकेट लिस्टमध्ये पुढे काय करायचं ते असतं. वर्षाअखेरीच्या 'टॉप टेन'सारखीही ही यादी नाही, कारण त्यात फक्त त्या वर्षाचा हिशेब असतो. इथे दोन रकाने असतात. एका रकान्यात वर्षानुवर्षं आवडत आलेल्या गोष्टी आणि दुसऱ्यात कधीच न पटलेल्या. त्या मोठ्या असायला हव्यात असं नाही. पहिल्या पावसाचा वास चालतो, शेपूची भाजी चालते, चहावरची साय चालते.

मराठीला याद्या नवीन नाहीत. समर्थ रामदासांच्या दासबोधात दुसऱ्या दशकाचा पहिलाच समास मूर्खाची लक्षणं सांगतो. एकापाठोपाठ एक येणारी ती भली मोठी यादीच आहे. पण ती सगळ्यांसाठी आहे. काय टाळावं, हे ती सांगते. वैयक्तिक यादी कुणाला काही शिकवत नाही आणि स्वतःचं समर्थनही करत नाही. 'नावडतीचं मीठ अळणी' ही म्हण सांगते तसं, नावड तर्काला धरून असतेच असं नाही.

सर्वात प्रसिद्ध जुनी यादी कोणाची?

साधारण इ.स. १००० च्या सुमारास जपानमध्ये सेई शोनागोन नावाची स्त्री सम्राज्ञी तेइशी हिच्या सेवेत होती. तिने लिहिलेला 'माकुरा नो सोशी' हा ग्रंथ इंग्रजीत 'द पिलो बुक' या नावाने ओळखला जातो. त्यात दरबारातले प्रसंग आहेत, निसर्गाची वर्णनं आहेत आणि अनेक याद्या आहेत. मन प्रसन्न करणाऱ्या गोष्टी, संताप आणणाऱ्या गोष्टी, मोहक गोष्टी अशा शीर्षकांखाली तिने बारीकसारीक निरीक्षणं मांडली.

आपल्याला घाई असताना बोलत बसणारा पाहुणा आणि डोळा लागत असताना कानाशी गुणगुणणारा डास हे तिच्या संतापाच्या यादीत आहेत. हजार वर्षांपूर्वीची, दुसऱ्या देशातली ही तक्रार आजच्या वाचकालाही आपलीच वाटते. दरबाराचे नियम, पोशाख आणि पदं काळाआड गेली, पण ही छोटी चिडचिड टिकली.

प्रश्नावली कुठून आली?

एकोणिसाव्या शतकात युरोपात, विशेषतः इंग्लंडमध्ये, 'कन्फेशन अल्बम'ची टूम होती. छापील वहीत ठरलेले प्रश्न असत: आवडता गुण, आवडतं फूल, आवडता लेखक, न आवडणारं काय. घरी आलेले पाहुणे आणि मित्रमैत्रिणी ती वही भरत. आपलं स्लॅम बुक याच जातकुळीतलं.

कार्ल मार्क्सनेही १८६५ साली आपल्या मुलींच्या आग्रहाखातर अशी उत्तरं दिली. आवडता रंग लाल, आवडता उद्योग पुस्तकांत डोकं खुपसून बसणं, आणि सर्वात तिटकारा लाचारीचा. एरवी जाडजूड ग्रंथांतून भेटणारा माणूस इथे दोन-तीन शब्दांत भेटतो.

मार्सेल प्रूस्तने किशोरवयात आंतवानेत फोर या मैत्रिणीच्या अल्बममध्ये उत्तरं लिहिली. पुढे विशीच्या आसपास त्याने पुन्हा एकदा अशीच प्रश्नावली भरली, आणि दोन्ही वेळची उत्तरं सारखी नाहीत. मैत्रिणीचा अल्बम १९२४ मध्ये, म्हणजे प्रूस्तच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी उजेडात आला. प्रश्न त्याने तयार केले नव्हते, तरी जगभर ते 'प्रूस्त प्रश्नावली' म्हणूनच ओळखले जातात. 'व्हॅनिटी फेअर' या अमेरिकी मासिकाने १९९३ पासून नामवंतांना असे प्रश्न विचारायला सुरुवात केली.

विसाव्या शतकात काय बदललं?

यादी वहीतून रेडिओवर आणि पुस्तकांत आली. बीबीसी रेडिओवर २९ जानेवारी १९४२ रोजी 'डेझर्ट आयलंड डिस्क्स' हा कार्यक्रम सुरू झाला. निर्जन बेटावर एकट्याने राहायचं असेल तर कोणत्या आठ ध्वनिमुद्रिका सोबत न्याल, हा त्यातला मूळ प्रश्न. त्याबरोबर एक पुस्तक आणि एक चैनीची वस्तू. कार्यक्रम आजही चालू आहे. आठचं बंधन हीच त्याची गंमत. शंभर गाणी आवडतात म्हणणं सोपं असतं, पण आठ निवडताना माणूस उघडा पडतो.

फ्रेंच विचारवंत रोलां बार्थ यांनी १९७५ च्या आत्मचरित्रपर पुस्तकात 'मला आवडतं, मला आवडत नाही' अशी यादीच दिली. अमेरिकी लेखिका सुसान सोंटॅग यांनी १९७७ साली डायरीत तशी यादी केली. ती त्यांच्या मृत्यूनंतर, २०१२ मध्ये छापली गेली. स्पॅनिश दिग्दर्शक लुईस बुन्युएल यांच्या १९८२ च्या आत्मचरित्रात तर आवडी-नावडींसाठी एक वेगळं प्रकरण आहे. सोंटॅग यांच्या नावडींत थंड हवा आहे, बुन्युएल यांच्या आवडींत थंडी आणि पाऊस. व्यक्ती तितक्या प्रकृती म्हणतात ते असं.

आवडी खरंच आयुष्यभर टिकतात का?

काही टिकतात, पण आपल्याला वाटतं तितक्या नाही. जोर्डी क्वाइडबाख, डॅनियल गिल्बर्ट आणि टिमोथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात १८ ते ६८ वयोगटातल्या १९ हजारांहून अधिक लोकांचा समावेश होता. गेल्या दहा वर्षांत आपण बरेच बदललो, असं लोकांनी सांगितलं. पुढच्या दहा वर्षांत मात्र फारसे बदलणार नाही, असं त्यांना वाटत होतं. हे सर्व वयोगटांत दिसलं. आज आहोत तेच आपलं अंतिम रूप, असा हा समज.

याच अभ्यासात एक प्रश्न संगीताचा होता. आज आवडणाऱ्या बँडचा कार्यक्रम दहा वर्षांनी ऐकायला लोक सरासरी १२९ डॉलर द्यायला तयार होते. दहा वर्षांपूर्वी आवडणाऱ्या बँडचा कार्यक्रम आज ऐकायला मात्र सरासरी ८० डॉलरच.

आवड तयार होण्यात सवयीचाही वाटा असतो. एखादी गोष्ट वारंवार समोर आली की ती आवडू लागण्याची शक्यता वाढते, हे रॉबर्ट झायोंक यांनी १९६८ मध्ये प्रयोगांतून दाखवलं. लहानपणी घरी रोज वाजणारा रेडिओ किंवा दर गुरुवारी होणारी ठरलेली भाजी 'आपल्या आवडीची' कशी होते, याचं एक उत्तर इथे आहे.

म्हणून यादीवर तारीख घालणं महत्त्वाचं. तारीख नसलेली यादी म्हणजे समज आणि तारीख असलेली यादी म्हणजे नोंद.

प्रत्येक आवडीचं कारण लिहावं का?

घाईने नाही. टिमोथी विल्सन आणि जोनाथन स्कूलर यांनी १९९१ साली विद्यार्थ्यांना स्ट्रॉबेरी जॅमचे वेगवेगळे नमुने चाखायला दिले. ज्यांनी फक्त चव घेऊन क्रम लावला, त्यांचं मत तज्ज्ञांच्या क्रमाशी बरंच जुळलं. ज्यांना आवडी-नावडीची कारणं लिहायला सांगितली होती, त्यांचं कमी जुळलं. कारण शोधताना माणूस सांगायला सोपं असेल ते पकडतो आणि मग मतही त्याच्या मागे जातं.

यादीच्या बाबतीत याचा अर्थ साधा आहे. आधी गोष्ट लिहावी. कारण सुचलं तर नंतर जोडावं, न सुचलं तर जागा रिकामी ठेवावी.

अशा यादीचा उपयोग काय?

स्वतःची ओळख हा एक उपयोग. पण त्याहून नाजूक उपयोग घरातल्या माणसांसाठी आहे.

अनेक मराठी घरांत पितृपक्षात दिवंगत व्यक्तीच्या आवडीचा पदार्थ पानात वाढतात. तेव्हा आजोबांना काय आवडायचं, हे चटकन आठवतं. आजीला काय आवडायचं, यावर मात्र कधी कधी सगळे एकमेकांकडे बघतात. कारण आयुष्यभर सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेलं खाणाऱ्या बाईला हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो. विचारला तरी 'मला काय, काहीही चालतं' हे उत्तर ठरलेलं. 'काहीही चालतं' हे आवडीचं उत्तर नव्हे. तो प्रश्न पुन्हा, थोडा वेगळ्या तऱ्हेने विचारायला हवा: एकटीसाठीच करायचं असेल तर काय करशील? कुठल्या भाजीचा कंटाळा आलाय?

स्मृतिभ्रंशाच्या आजारात तर ही माहिती थेट कामाची ठरते. आजार वाढत गेला की माणसाला स्वतःची पसंती सांगणं अवघड होतं. ब्रिटनमधील अल्झायमर्स सोसायटीने यासाठी 'धिस इज मी' नावाची पुस्तिका तयार केली आहे. रुग्णाचा दिनक्रम, खाण्यापिण्याच्या आवडी, कशाने अस्वस्थ वाटतं, कशाने बरं वाटतं अशी माहिती त्यात भरून रुग्णालयातल्या किंवा घरी येणाऱ्या काळजीवाहकांना देता येते. औषधांच्या कागदावर हे कुठेच नसतं. रात्री दिवा पूर्ण मालवलेला चालत नाही, चहा बिनसाखरेचाच लागतो, अंगावर एकदम पाणी ओतलेलं आवडत नाही: नवख्या काळजीवाहकाला हे माहीत असलं तर दोघांचाही दिवस सोपा जातो.

यादी सोशल मीडियावर टाकावी का?

सगळी नाही. यामागे तीन कारणं आहेत.

पहिलं, आवडी माणसाबद्दल बरंच सांगून जातात. २०१५ मध्ये ८६ हजारांहून अधिक फेसबुक वापरकर्त्यांवर झालेल्या अभ्यासात संगणकाने फक्त 'लाइक्स' पाहून स्वभावाचा अंदाज बांधला. १० लाइक्सवरून संगणक सहकाऱ्यापेक्षा, ७० वरून मित्रापेक्षा, १५० वरून कुटुंबीयांपेक्षा आणि सुमारे ३०० वरून जोडीदाराइतका किंवा त्याहून अचूक ठरला.

दुसरं, ही माहिती गोळा करणारे आपल्याला दिसत नाहीत. केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणात एका व्यक्तिमत्त्व चाचणीच्या ॲपमधून लोकांची आणि त्यांच्या मित्रयादीतल्या लोकांचीही माहिती बाहेर गेली. हा आकडा ८ कोटी ७० लाखांपर्यंत असू शकतो, असं फेसबुकने २०१८ मध्ये सांगितलं.

तिसरं, अनेक खात्यांचे 'सुरक्षा प्रश्न' याच यादीतले असतात: आवडते शिक्षक, आवडता पदार्थ, पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव. गुगलने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, इंग्रजी भाषिकांच्या 'आवडता पदार्थ कोणता' या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच प्रयत्नात ओळखण्याची शक्यता १९.७ टक्के होती. दुसरीकडे, अमेरिकेतल्या इंग्रजी भाषिकांपैकी ४० टक्के जणांना गरजेच्या वेळी स्वतःचीच उत्तरं आठवली नाहीत. २००८ मध्ये अमेरिकेच्या उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचं ईमेल खातं उघडलं गेलं, तेही सुरक्षा प्रश्नांची उत्तरं सार्वजनिक माहितीतून शोधून.

यादी करायची तर कशी?

• कागद किंवा वही घ्या. वर तारीख आणि वय लिहा.

• संख्या ठरवा. वीस आवडी आणि वीस नावडी पुरेत. बंधन असलं की निवड खरी होते.

• पाच वर्षांची अट लावा. किमान पाच वर्षं टिकलेली गोष्टच यादीत घ्या. गेल्या महिन्यातली वेब सिरीज पुढच्या यादीसाठी राहू द्या.

• नेमकं लिहा. 'प्रवास' याऐवजी 'एसटीची खिडकीजवळची जागा'. 'गोंगाट' याऐवजी 'पहाटे पाचला सुरू होणारा लाउडस्पीकर'.

• माणसांची नावं टाळा. न आवडणारी सवय लिहा, व्यक्ती नको. वही कधी ना कधी कुणाच्या तरी हाती पडते.

• शोभेच्या आवडी गाळा. न वाचलेलं पुस्तक आणि न समजलेला राग यादीत असतील तर ती यादी दुसऱ्यांसाठी आहे.

• दर काही वर्षांनी नवी यादी करा, जुनी न पाहता. नंतर दोन्ही शेजारी ठेवा. दोन्हींत आलेल्या गोष्टी त्या खऱ्या आयुष्यभराच्या.

• ऑनलाइन टाकताना चाळणी लावा. शिक्षक, शाळा, जन्मगाव, पाळीव प्राणी आणि पासवर्डशी संबंध असलेलं काहीही वगळा. सुरक्षा प्रश्नांना खरी उत्तरं देणं बंधनकारक नसतं. वेगळं उत्तर देऊन ते सुरक्षित जागी लिहून ठेवता येतं.

• एक प्रत घरी सांगून ठेवा. आणि घरातल्या ज्येष्ठांची यादी त्यांच्याशी बोलत बोलत, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. एका बैठकीत ती पूर्ण होत नाही. भाजी निवडताना, प्रवासात, जुने फोटो पाहताना एकेक गोष्ट निघत जाते.